आजोबा किनाऱ्याला लागले

आमच्या गावात देवमाशाला मासा म्हटलं तर लोक वाळीत टाकतील. ते आजोबा. वादळात होडी पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणणारे. ते वारले, तर त्यांना आधी बघणारा माणूस त्यांचा थोरला मुलगा ठरतो. त्यानं डोक्याला पांढरं फडकं बांधून तीन वर्षं सुतक पाळायचं, घरात लग्नकार्य बंद. मान मोठा, म्हणून सगळे टपलेले असतात. माझ्या भावाला, लूकला, नेमका तो लग्नाच्या तोंडावर मिळाला.

पहाटे खेकडे धरायला गेला आणि धापा टाकत परतला. "ताई, आजोबा आलेत. वारलेत."

मी कपाळावर हात मारला. हे लग्न आधीच दोनदा पुढं ढकललेलं, एकदा वादळामुळे, एकदा आमच्या अतिशहाण्या ज्योतिष्यामुळे. नवरी मिएन आणि तिची आई थूमावशी ऐकताच किनाऱ्यावर हजर झाल्या.

"तू काही बघितलं नाहीस," थूमावशी लूकला म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. गावात रिकामटेकडे काय कमी आहेत?"

कधी कुणाला नाही न म्हणणारा माझा भाऊ जागचा हलेना. "मावशी, माझा बाप समुद्रात गेला. हाती काहीच लागलं नाही, फडकं बांधायचं राहूनच गेलं. ह्यांना मी सोडणार नाही."

तोवर देवळाचे पुजारीही येऊन पोचले होते; मिएन त्यांच्याकडे वळली. "काका, सुतक लागतं कधी?"

"मी आजोबांना बघून ढोल वाजवला की."

"तुम्ही बघितलंत?"

काकांच्या समोर तो एवढा डोंगर पडला होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "अजून नाही बुवा."

मग काय पळापळ! ढोल वाजायच्या आत लग्न उरकायचं होतं आणि भरती चढत होती. आजोबा वाहत शेजारच्या गावाला गेले असते तर मानही तिकडेच गेला असता. आमच्या गड्यांनी माना फिरवून त्यांना दोरखंड बांधले. शेजारगावची एक होडी थांबलीच. "काय बांधताय रे?"

"लग्नाचा मांडव," आमचे म्हणाले.

घरी पूर्वजांपुढं उदबत्त्या लागल्या, पानसुपारी झाली. जेवणाचं डुक्कर अजून परसात हिंडत होतं, म्हणून शिंपल्यांच्या पेजेवर भागवलं. किनाऱ्यावरून वास सुटला तेव्हा थूमावशीनं आपल्या आंबवलेल्या मासळीच्या रसाचे रांजण उघडे राहिल्याचं जाहीर केलं. पाहुणे मुकाट्यानं पेज ओरपत राहिले.

शेवटचा नमस्कार झाला आणि काकांनी चष्मा चढवला. किनाऱ्याकडे बघून "अरेरे" म्हणाले आणि ढोल वाजला.

लूकनं फडकं बांधलं, आजोबांच्या अंगावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. बाप गेल्यावर तो रडला नव्हता. मलाही राहवेना.

मिएन लग्नाच्या लाल झग्यातच डोक्याला पांढरं फडकं बांधत गर्दीतून पुढं आली.

"काका," तिनं विचारलं, "थोरल्या सुनेनं कुठं बसायचं?"

काका उठले आणि त्यांनी तिला आजोबांच्या उशाशी असलेली आपली जागा दिली.