बारकीची विजेरी

मी एक जुनी विजेरी आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. म्हातारपणी शांत राहावे म्हणतात, पण राहवत नाही, काय करू!

कारखान्यात मला जाड पत्रा आणि टपोरी काच मिळाली. दुकानदार म्हणायचा, "ही म्हणजे सूर्याची धाकटी बहीण!" एका फोटोवाल्याने मला विकत घेतले आणि आपल्या धाकट्या बहिणीच्या हाती दिले. तो तिला बारकी म्हणे.

आम्ही वाकून, सरपटत एका प्रचंड गुहेत उतरायचो. आत डोळ्यात बोट घातले तरी दिसू नये असा काळोख! दादा स्टँडवर कॅमेरा ठेवी आणि त्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवी. तेवढ्या वेळात काळे कपडे घातलेली बारकी मला घेऊन गुहाभर हिंडायची. भिंती, छत, छतातून लोंबणारे दगडी सुळके, सगळ्यांवर माझा झोत फिरवायची. जिथे झोत पडे, तेवढीच गुहा फोटोत उमटे.

"बारके, थांबू नकोस गं! थांबलीस की फोटोत येशील," दादा ओरडायचा. चालता माणूस त्या फोटोत उमटतच नाही. तिचे गुडघे सोलवटायचे, मी तापून जायचे आणि फोटोत मात्र आम्ही दोघीही नसायचो.

पुढे फोटोंचे प्रदर्शन भरले. एका पाहुण्याने विचारले, "एवढ्या अंधारात एकटेच जाता?"

"मी आणि माझा कॅमेरा, बस्स," दादा म्हणाला.

बारकी शेजारीच त्याची पिशवी धरून उभी होती आणि पिशवीत मी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, तरी गेली!

पुढच्या खेपेला कॅमेरा उघडताच बारकी गुहेच्या मधोमध जाऊन थांबली. तिने मला स्वतःकडे वळवले.

"अगं, चाल ना! फोटो बिघडतोय!"

"बिघडू दे, दादा. मीपण आहे इथे."

माझे सेल संपत आले होते, पण मी जीव तोडून जळले.

दादा घरी येईपर्यंत धुसफुसत होता. फोटो कागदावर आला, तेव्हा मात्र त्याने तो उचलून खिडकीच्या उजेडात नेला. दगडी खांबांच्या पायथ्याशी बोटाएवढी बारकी दिसत होती आणि तिच्यामुळे गुहा केवढी आहे ते पहिल्यांदाच कळत होते. तो फोटो त्याला प्रदर्शनात लावावाच लागला.

"ही कोण हो?" लोक विचारू लागले.

"माझी बहीण," दादा खाली मान घालून म्हणाला. "सगळ्या फोटोंत उजेड हिनेच धरलाय."

आता मी अडगळीत आहे. सेल आतच राहिल्याने माझे पोट गंजले. तुम्ही तरी सेल काढून ठेवत जा. पण खरा सल वेगळाच आहे. दादाने सांगितले ते विचारल्यावर, आपणहून नाही! म्हणून मित्रांनो, सुंदर फोटो दिसला की वाहवा नंतर करा. आधी विचारा, उजेड कोणी धरला होता?