तेराशे अठ्ठेचाळीस सालची मुलगी

"गुरुजी, मोगलाईच्या हिशेबानं तुमचं वय किती?"

गेल्या शनिवारी प्रार्थना संपल्यावर, सगळ्या शाळेदेखत, मी हेडमास्तरांना हे विचारलं. मैत्रिणींनी पैज लावली होती. गोजा म्हणाली होती की तुझ्यानं व्हायचं न्हाई, झालंच तर आमच्या मळ्यातले पाच पेरू तुझे. पाच पेरूंसाठी मी याहून वाईट प्रश्नसुद्धा विचारला असता. सगळी पोरं चिडीचूप झाली. यशवंत गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं की वय कुठल्याही मुलखात एकावन्नच, जन्म मात्र तेराशे दहा सालचा. तेराशे दहा सालचा माणूस समोर उभा राहून हजेरी घेतोय म्हटल्यावर कोण हसणार नाही? पण त्यातली खरी गंमत गुरुजी लोकांना आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक. बाकीच्यांना कळावी म्हणून लिहिते आहे.

मी अंबू. आम्ही परभणी जिल्ह्यातले. आमच्याकडे निजामाचं राज्य होतं, इकडचे लोक त्या मुलखाला मोगलाई म्हणतात. चार वर्षांपूर्वी पोलीस कारवाई झाली, निजाम शरण आला, तेव्हा मी शाळेतच होते. पण राज्य गेलं तरी शाळेतलं रजिस्टर थोडंच जातं? ते उर्दूत होतं ते उर्दूतच राहिलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, खडकीच्या कारखान्यात काम मिळालं आणि या जूनमध्ये आम्ही बिऱ्हाड उचललं. गावच्या बाया मायच्या गळ्यात पडून रडल्या, परमुलखात चालली म्हणून. मला वाटलं होतं, काय परमुलूख? मराठीच तर बोलतात. पण पिंपरीत आल्यावर पहिल्याच दिवशी मी नळावर एका मुलीला विचारलं, "तू कामून हसायलीस?" तर ती आणखीच हसली. 'कामून' म्हणजे 'का', एवढं साधं तिला कळेना. ती मुलगी म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंची, शालनबाईंची गोजा. आज ती माझी जिवाभावाची आहे, पण त्या दिवसापासून मी तोंड शिवून घेतलं. घरात बोलायची, बाहेर मान हलवायची.

अशी मुकी मुलगी घेऊन आप्पा एका गुरुवारी सकाळी इथल्या शाळेत आले. त्यांची दुपारपाळी होती, म्हणून सकाळ मोकळी. मला सहावीत बसायचं होतं. गावाकडे मी पाचवी पास झाले होते, तसा दाखला आप्पांच्या टोपीत घडी करून ठेवलेला. यशवंत गुरुजींनी तो उलगडला, सरळ धरला, उलटा धरला, मग आप्पांनाच विचारलं की याची वरची बाजू कुठली. आप्पांना सहीपुरतं येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीपर्यंत उर्दू शिकलेली, छापलेलं अडखळत वाचता यायचं, पण कारकुनाचं ते पळतं अक्षर मला कुठलं लागायला. मी मान खाली घातली.

गुरुजी वाईट बोलले नाहीत, हे सांगायला हवं. त्यांनी अडचण नीट समजावून दिली. शनिवारी दुपारी पट बंद करून वर पाठवायचा होता. त्याच्या आत या कागदाचं मराठी करून, वाचणाऱ्याची सही घालून आणलंत तर नाव घालतो. नाही आणलंत तर हे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मायला शालनबाईंच्या मळ्यात भाजी खुडायचं काम मिळत होतं आणि दोघी गेलो तर बरंच होतं. एकदा वाफ्यात बसलेली मुलगी पुढच्या जूनमध्ये उठून शाळेत जाते असं मी तरी बघितलेलं नाही.

शालनबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, "त्यात रडायचं काय हाय? क्यांपातले सिंधी तसलंच वाकडं लिव्हत्यात. वाधूमलकडं जावा, लई शिकल्याला मानूस हाय."

पिंपरी कॅम्प म्हणजे पलटणीच्या जुन्या बराकी. फाळणीत घरदार सोडून आलेले लोक तिथं राहतात. आप्पा पाळीआधी मला तिकडे घेऊन गेले. वाधूमल काकांनी बराकीच्या ओसरीवर कापडाचं दुकान मांडलं होतं. आत त्यांची मुलगी सुंदरी चिटाच्या घड्या घालत बसली होती, माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं लहान. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघीही काही बोललो नाही.

काकांनी दाखला हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू गावाकडचं कुणी भेटलं. किती वर्षांनी असं अक्षर बघतोय म्हणाले. त्यांना वाचता यायचं पण मराठी लिहिता यायचं नाही, म्हणून ते सांगणार आणि मी लिहिणार असं ठरलं. शाळेचं नाव झालं, माझं नाव झालं, पाचवी पास झालं. मग जन्म. बारा तारीख. महिन्यापाशी ते अडले. तीर, तीर, असं दोनदा म्हणाले. असा महिना त्यांना आठवेना, कारकून चुकला असेल म्हणून त्यांनी तो सोडून दिला. पण सालावर बोट ठेवून ते एकदम खूश झाले.

"तेरा सौ अठ्ठेचाळीस. हे साल मी विसरेन काय, बेटा? शिकारपुरात मी दुकान घेतलं, त्याच्या कागदावर हेच साल होतं. हिजरी सन. लिख, उन्नीस सौ उनतीस."

मी लिहिलं. १९२९. वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली रेघसुद्धा मारली. आता मला वजाबाकी येत नव्हती असं नाही. १९५२ मधून १९२९ काढायला पहिलीतलं पोर पुरे. पण मोठ्या माणसानं सांगितलं, तेही इतकं आनंदानं, मग आपण कशाला मध्ये बोला. शिवाय तोंड उघडलं की 'कामून' बाहेर पडणार. मी शाई वाळवली आणि कागद आप्पांना दिला. काकांनी खाली सिंधीत सही ठोकली.

शुक्रवारी सकाळी गुरुजींनी तो वाचला. मग बोटांवर काहीतरी मोजलं. मग शेजारच्या टेबलावरच्या गुरुजींना बोलावून दाखवलं. ते दुसरे गुरुजी जरा थट्टेखोर. म्हणाले, हिला सहावीत कशाला, तेविसावं लागलंय, सरळ नोकरीवर घेऊ, मुलींना शिवण शिकवील. खोलीतले सगळे हसले. आप्पांना हसण्याचं कारण कळेना. गुरुजींनी समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, कागद खोटा नाई," ते म्हणाले. "म्या सोता शाळेतून आणलाय. लेकरू तेरा वर्साचं हाय, दिसायलंय की."

गुरुजी म्हणाले, दिसतंय, पण मला दिसण्यावर नाव घालता येत नाही, कागदावर घालावं लागतं. आणि कागद तेवीस म्हणतो. आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, दाखला उचलला आणि मला म्हणाले, चल. ते 'चल' मला अजून ऐकू येतं. त्यात राग नव्हता. एवढ्या लांब येऊन एवढंच निघालं, असं काहीतरी त्यात होतं.

मी दारापर्यंत गेले. तिथून मला शाळेची घंटा दिसत होती, म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा, आणि मला इतका राग आला, त्या दुसऱ्या गुरुजींचा नाही, माझाच. माहीत असून लिहिलंस, माहीत असून रेघ मारलीस. मी वळले.

"गुरुजी, माझी माय तीस वर्षांची हाय. मग सात वर्षांची असताना तिला मी झाले का?"

आता कुणी हसलं नाही. आप्पा माझ्याकडे असे बघत होते जणू मी खरंच तेवीस वर्षांची झाले. यशवंत गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तुला बोलता येतं तर, म्हणाले. आणि मग सांगितलं की पट उद्या दुपारी बारापर्यंत उघडा ठेवतो, ज्यानं वाचलं त्यालाच घेऊन या.

दुपारी मी एकटीच कॅम्पात गेले. आप्पा पाळीला गेले होते. काकांना सगळं सांगितलं तेव्हा ते गल्ल्यावरून उठून उभेच राहिले. माझ्यामुळं मुलीचं वर्ष जाणार, असं स्वतःशीच दोन-तीनदा पुटपुटले. शनिवार म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकीचा दिवस. तरी शनिवारी सकाळी धुतलेला पायजमा, काळी टोपी आणि हातात चष्म्याचं घर अशा थाटात ते आमच्या आधी शाळेच्या पायरीवर हजर होते. दुकान सुंदरीवर सोडून आले होते.

दाखला पुन्हा टेबलावर आला. काकांनी पुन्हा वाचला आणि पुन्हा त्याच शब्दापाशी थांबले. हिजरीत तीर नावाचा महिनाच नाही, म्हणाले. गुरुवारी दुकानात मी नुसती लिहीत होते, पण आता शाळेत तो शब्द कानावर पडला आणि डोक्यात एकदम आमचा वर्गच भरला. मी विचारलं, म्हणून दाखवू का? कुणी हो म्हणायच्या आत सुरूसुद्धा केलं. आजूर, दै, बहमन, अस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. पाढ्याच्या चालीवर, डोलत, जसं दुसरीत म्हणायचो तसं. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली होतं आणि त्याचे हे बारा महिने. फळ्यावर रोज तारीख याच सालात, तेही मी सांगितलं.

काकांनी कपाळाला हात लावला. "फसली. या खुदा, मी हिजरी धरून बसलो. फारसीच्या मौलवींनी हेच महिने शिकवले होते मला, छड्या खाऊन पाठ केले होते."

मौलवींच्या छड्या ऐकून थट्टेखोर गुरुजीसुद्धा जरा जवळ सरकले. पण यशवंत गुरुजींना पुरावा हवा होता. फसली असेल बाई, म्हणाले, पण तेराशे अठ्ठेचाळीस फसली म्हणजे आपलं कुठलं साल, हे मी कशावरून लिहू? काकांना ते सांगता येईना. त्यांच्या सिंधमध्ये हे साल चालत नव्हतं.

मी पाटी मागितली. निजाम शरण आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या गुरुजींनी फळ्यावरची तारीख पुसून शाळेला सुट्टी दिली होती, ती तारीख मला आठवत होती. आबान तेराशे सत्तावन्न. मी विचारलं, निजाम शरण आला ते इकडच्या हिशेबानं कधी? ते तर सगळ्यांनाच पाठ होतं, वर्तमानपत्रात आलेलं. सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस. मग मी पाटीवर मांडलं. १९४८ वजा १३५७, राहिले ५९१. तेराशे अठ्ठेचाळीसमध्ये ते मिळवले, झाले १९३९. आबानात शेवटचा पाऊस असतो आणि तीर भर उन्हाळ्यात, म्हणजे साधारण मे. माय म्हणतेच की तू उन्हाळ्याची, आंबे उतरले तेव्हाची.

गुरुजींनी हिशेब एकदा स्वतः करून बघितला. मग दौतीत टाक बुडवला आणि पटावर माझं नाव घातलं. इयत्ता सहावी. त्यांचं अक्षर किती सुंदर आहे ते मला त्या दिवशी कळलं. मराठी कागद मी नव्यानं लिहिला, काकांनी नव्यानं सही केली, आणि गुरुजींनी तो वाळूही न देता फाइलीत ठेवला. आप्पांनी गुरुजींना वाकून नमस्कार केला, मग काकांना करायला गेले तर काकांनी त्यांचे हात धरले. चूक माझी आणि नमस्कार मला, असं काहीतरी अर्ध्या हिंदीत म्हणाले.

निघताना गुरुजींनी काकांना सहज विचारलं की तुमची मुलंबाळं कुठल्या शाळेत. काका पायरीवर थांबून सांगू लागले. सुंदरी कॅम्पातल्या सिंधी वर्गात चौथीपर्यंत शिकली, पुढचा वर्ग तिथं नाही. इथं मराठी. तिला समजतं, पण बोलली की मुलं हसतात, म्हणून ती आता तोंडच उघडत नाही. दुकानात बसते. तेही बरं आहे, मदत होते. असं म्हणून ते टोपी सारखी करत निघून गेले.

मला शाळा मिळाली होती. मी उड्या मारत घरी यायला हवं होतं. आलेसुद्धा. मायच्या गळ्यात पडले, शालनबाईंना गूळ दिला, गोजाला तोंडावर सांगितलं की सोमवारपासून तुझ्या शेजारी बसणार आणि 'कामून'ला हसलीस तर चिमटा काढीन. पण चिटाच्या घड्यांमागचा तो गप्प चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या माणसानं गिऱ्हाइकाच्या दिवशी दुकान टाकून माझं वर्ष वाचवलं, त्याच्या घरातलं वर्ष तसंच जात होतं.

आप्पांनी त्या दिवसापुरती रजा घेतलेली, त्यामुळे संध्याकाळी तिघं एकत्र जेवायला बसलो. माय भाकरी थापत होती. ती म्हणाली की वाधूमलभाऊंना काहीतरी द्यायला पाहिजे, लुगड्याचं गाठोडं उघडू का. आप्पा म्हणाले, कापडवाल्याला कापड काय द्यायलीस.

मी ताट बाजूला सारलं. विचारायला बसले असते तर पाणी कोण भरणार इथपासून सुरुवात झाली असती, म्हणून विचारलंच नाही.

"आप्पा, माय, माझं ठरलंय. सोमवारपासून मी शाळेच्या आधी तासभर क्यांपात जाणार, सुंदरीला मराठी शिकवायला. पाणी मी शाळेतून आल्यावर भरीन, पहाटे म्हणाल तर पहाटे भरीन. गुरुजींना मी उद्या घरी जाऊन सांगणार हाय की पुढच्या जूनच्या पटावर आणखी एक नाव घालायचंय. आणि तोवर तिला कुणी हसलं, तर आधी मी बोलणार."