शास्त्रशुद्ध आहार

रुमानियातल्या बर्लाद गावच्या दवाखान्यात वजनाचा काटा एकशे अठ्ठावीसवर थांबला, तेव्हा तिबेरियूने सगळं खापर आईवर फोडलं. "डॉक्टरबाई, हिची सार्माले बघा एकदा. कोबीच्या पानात इतका खिमा कोणी भरतं का? वर साय. आणि नको म्हटलं की रुसते."

सावेता पर्स मांडीवर धरून शेजारी बसली होती. अडतीस वर्षांच्या मुलाला दवाखान्यात धरून आणायचं, वर त्याच्याकडून हे ऐकायचं.

डॉक्टर ओप्रिशान वयाने लहान होत्या. त्यांनी तिलाच विचारलं, "हा पोटात असताना तुम्ही काय खात होता?"

"शहाऐंशी साली? तेव्हा आमच्या वजनाची काळजी सरकार घ्यायचं हो. लोक फार खातात म्हणून शास्त्रशुद्ध आहाराचा तक्ताच काढला होता. मांस, लोणी, सगळं मोजून. दुकानात मात्र मोजायलाही काही नसायचं. पहाटेपासून रांग लावली की डुकराचे खूर मिळायचे. बाकीचं डुक्कर परदेशी जायचं."

"आणि याचे वडील?"

"त्याच रांगेत, माझ्या मागे."

बाई म्हणाल्या, "आईची अशी उपासमार झाली, तर बाळाचं शरीर पुढे मिळेल ते साठवायला शिकतं, असं अभ्यासात दिसलंय. बापाच्या खाण्याचाही वाटा असू शकतो."

तिबेरियूचा चेहरा उजळला. "म्हणजे सार्मालेचा दोष नाही."

"सार्मालेचाही आहे," बाई म्हणाल्या आणि पथ्य लिहायला लागल्या.

परतताना तिबेरियू देशाच्या इतिहासाने छळलेल्या माणसासारखा चालत होता. त्या दुःखात कोपऱ्यावर त्याने चीज भरलेली गरम पोळी घेतली.

सावेता मनातल्या मनात महिने मोजत होती. सून रालुकाला पाचवा महिना होता. ती फोनमध्ये बघून दिवसभर पालापाचोळा खायची, आणि पोरगी अजून कशी सडपातळ आहे, हे शेजारणींना सावेताच कौतुकाने सांगायची. घरी पोचताच ती तडक सुनेच्या स्वयंपाकघरात गेली. दोन अंडी उकडली, पावाला लोणी लावलं.

"आई, मला जाड नाही व्हायचंय."

"नको होऊस. पण मला सरकारने उपाशी ठेवलं, तू फोनचं ऐकून राहतेस. माझा तरी इलाज नव्हता."

रालुकाने तोंड वाकडं करत एक अंडं संपवलं. दुसऱ्याकडे तिबेरियूचा हात गेला. सावेताने बशी ओढून घेतली.

"तुझं साठवून झालंय."

रालुकाने मीठ मागितलं.