माझ्या डाव्या खांद्यावरचं बटण

मित्रांनो, टीव्हीचा रिमोट कधी गादीखाली सापडतो, कधी सापडतच नाही. मी मात्र एकदाही हरवलो नाही. हरवलो असतो तर फार बरं झालं असतं.

मी छोट्या हेलिकॉप्टरचा रिमोट आहे, पण त्याची पाती हातभर लांब आणि धारदार. आता वय झालं माझं. अंगावरचं रबर चिकट झालंय, एरियल एका बाजूला कललंय. छातीवरच्या दोन दांड्या मात्र अजून ताठ आहेत. डावी हेलिकॉप्टरला वर-खाली नेते आणि त्याचं तोंड फिरवते, उजवी त्याला हव्या त्या दिशेला झुकवते. उजव्या खांद्यावर एक लाल कळ आहे. ती खाली पाडली की मोटर त्या क्षणी बंद. आणि डाव्या खांद्यावर एक स्प्रिंगचं छोटं बटण आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा त्या बटणाला काहीच काम नव्हतं.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी घरी आलं की मला मांडीवर घ्यायचं, असा त्यांचा क्रम. हेलिकॉप्टर अजून खोक्यातच होतं. "पडलं तर सगळं नवं आणावं लागेल. आधी कॉम्प्युटरवर शिकतो," ते म्हणाले. विचार शहाणपणाचाच होता. त्यांनी माझ्या पाठीला वायर जोडली, दुसरं टोक कॉम्प्युटरला लावलं, आणि पडद्यावर एक हिरवंगार मैदान उघडलं. माझी दांडी हलली की तिथलं हेलिकॉप्टर हलायचं, अगदी खऱ्यासारखं.

त्याच खोलीत, खिडकीपाशी, त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र होतं. गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. शर्टाची कॉलर बसवावी तर वहिनींनीच, असं त्यांचं नाव होतं. घरात यंत्राची घरघर आणि माझ्या दांड्यांची खटखट बरोबरच चालायची.

पहिले महिने पडण्यातच गेले. पडलं की पडद्यावर पाती इकडे, शेपूट तिकडे. ते पुन्हा उभं करायला दरवेळी कीबोर्डकडे हात न्यावा लागे, आणि घड्याळजींना त्याचा कंटाळा. एका सुट्टीत त्यांनी अशी सोय केली की माझं डाव्या खांद्यावरचं बटण दाबलं की मोडकं हेलिकॉप्टर धडधाकट उभं राहावं. टिक! झालं नवं. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा बरं वाटलं. बिनकामाच्या बटणाला काम मिळालं होतं. लाल कळीला मग कोण विचारतो? पडद्यावरची पाती कुणाला कापत नव्हती.

वहिनींच्या ते ध्यानात आलं. "अहो, पडलं की आधी बंद नाही का करायचं?"

"कशाला? इथे कुणाला लागणार आहे?"

"माझ्या हातून कात्री निसटली ना, की माझा पाय आधी मागे जातो. मी विचारसुद्धा करत नाही."

"अगं, तुझी कात्री खरी आहे."

"मग तुमचं हेलिकॉप्टर काय जन्मभर खोटंच राहणार?"

घड्याळजी हसले. टिक.

असं दीड वर्ष चाललं. हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरायला ते शिकले. मग सगळ्यात अवघड धडा आला. हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे असलं की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते आणि भल्याभल्यांचे हात गोंधळतात. तेही त्यांना दहात नऊ वेळा जमू लागलं. दहाव्या वेळी बटण होतंच.

मग हेलिकॉप्टर खोक्यातून निघालं आणि आम्ही हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांच्या क्लबाच्या मैदानावर गेलो. तिथे नवशिक्यांना पंखेकाका शिकवत. बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आता ओळखीपाळखीतले सगळे बिघडलेले पंखे त्यांच्या घरी येऊन पडत. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"कॉम्प्युटरवर किती उडवलंस?"

"दीड वर्ष. रोज तासभर."

"आणि ही लाल कळ किती वेळा पाडलीस?"

घड्याळजी नुसते हसले. काका हसले नाहीत. "आज तोंड पलीकडेच ठेव. आणि त्या बघ्यांच्या दोरीच्या पुढे कुणी येता कामा नये."

पहिलं उड्डाण झकास झालं. वहिनींनी दोरीमागून टाळ्या वाजवल्या. काका दुसऱ्या कुणाची तरी बॅटरी बघायला गेले आणि घड्याळजींना चेव चढला. "अगं, तिथून काय दिसणार? जवळ ये!" वहिनी दोरीखालून वाकून आल्या. त्यांना दाखवायला म्हणून घड्याळजींनी हेलिकॉप्टरचं तोंड आमच्याकडे वळवलं. तेवढ्यात वारा आला, ते एका अंगाला झुकलं, आणि त्यांनी दांडी नेमकी उलट ढकलली. ते आमच्यावरच आलं.

मित्रांनो, त्यांचं डावं बोट माझ्या खांद्यावर आलं. टिक. टिक. टिक. मी काय करणार होतो? मैदानावर त्या बटणाला काहीच काम नव्हतं. लाल कळ त्यांच्या उजव्या बोटापासून दोन इंचांवर होती, पण त्या बोटाला तो रस्ताच ठाऊक नव्हता. वहिनींनी तोंडापुढे हात धरला. उजवा.

पंखेकाकांनी धावत येऊन माझी कळ पाडली. तोवर फार उशीर झाला होता.

डॉक्टरांनी तळहात वाचवला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. अर्धे बेतलेले शर्ट लोक परत घेऊन गेले. शिवणयंत्रावर चादर पडली आणि मी कपाटात पडलो. घड्याळजी मला आपटून फोडतील असं मला वाटलं होतं. मी वाटही पाहिली. पण त्यांनी मला हातच लावला नाही. कपाटाच्या फटीतून मी चार वर्षं ते घर ऐकलं. तिथे कुणी कुणावर ओरडत नव्हतं, तेच मला सोसवत नव्हतं.

मग एके दिवशी वहिनींनीच मला डाव्या हातानं बाहेर काढलं आणि पंखेकाकांच्या क्लबात नेलं. "ह्याच्यावरच शिकवा. पण मी सांगते तसं."

काकांनी माझ्या त्या बटणाची वायर कापून टाकली. मला क्लबातल्या कॉम्प्युटरला जोडलं, त्याचा कीबोर्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, आणि त्याच्यापाशी वहिनी बसू लागल्या. आता कुणाचं हेलिकॉप्टर पडलं की ते पडद्यावर तसंच मोडून पडतं. शिकणाऱ्यानं लाल कळ पाडायची, "बंद" म्हणायचं, मगच वहिनी करंगळीनं कीबोर्ड दाबतात आणि ते उभं राहतं.

नवखे वैतागतात. "मावशी, नुसता खेळ आहे हो हा!" वहिनींचा उजवा हात टेबलावर असतोच. दुसऱ्यांदा कुणी तसं म्हणत नाही.

मागच्या महिन्यात वहिनी घड्याळजींना घेऊन आल्या. ते बोट मी लगेच ओळखलं, त्याला तेलाचा वास तोच होता. अर्धं मिनिट हेलिकॉप्टर स्थिर राहिलं. मग तोंड वळलं, झुकलं, पडलं. आणि ते बोट सरळ माझ्या मेलेल्या बटणावर आलं. टिक. आत वायरच नव्हती. टिक, टिक. घड्याळजी आपल्याच बोटाकडे बघत राहिले. वहिनींनी कीबोर्ड दाबला नाही.

"अहो, आधी बंद करा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात, आणि दर रविवारी बोट तिथेच जातं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपून ठेवा, असं मी मागत नाही. पण फिरणारं, कापणारं काही हातात घ्याल, तर ते उडवण्याआधी थांबवायला शिका, आणि खोट्या खेळातही ते दरवेळी थांबवा. तुम्ही शिकवाल तेवढंच तुमचं बोट शिकतं.

काल हेलिकॉप्टर पडलं. घड्याळजींचं डावं बोट माझ्या बटणाजवळ आलं, हवेतच अडलं, आणि उजव्या बोटानं लाल कळ पाडली. "बंद," ते म्हणाले.

वहिनींनी करंगळी कीबोर्डवर ठेवली, पण दाबली नाही. त्या पडद्यावरच्या मोडक्या पात्यांकडे बघत होत्या.

"त्या दिवशी एवढंच हवं होतं हो," त्या म्हणाल्या.