बदकं पुलावरून नेणारी बाई

मिलोयेकाकांच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात जुन्या खेळांच्या चारशे कॅसेट होत्या. पूर्वी आमच्याकडे शनिवारी रेडिओवर कॉम्प्युटरचे खेळ लागायचे. खेळाचा प्रोग्राम म्हणजे नुसता कर्कश आवाज; तो कॅसेटवर भरून घ्यायचा आणि घरी कॉम्प्युटरला ऐकवायचा, की खेळ सुरू. काकांनी एकही शनिवार सोडला नव्हता.

ते सगळे खेळ उतरवून मी वेबसाइट केली. नाव टाका, खेळ शोधा, तिथंच खेळा. तीन आठवडे कुणालाच काही सापडेना.

काका म्हणाले, "सेंका, नावं आठवतायत कुणाला? मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही."

त्यातच किकिंडा गावाहून एका बाईंचा निरोप आला. 'एक बाई बदकांना पुलावरून नेते, असा खेळ तुमच्याकडे आहे का?' काकांना बदकं आठवत होती, पण चारशेंतली कॅसेट कुठली ते नाही.

मग आम्ही एकेक खेळ खेळून त्यात काय काय दिसतं ते लिहायला बसलो. विहीर, साप, रुमाल बांधलेली बाई. अख्खा वसंत त्यात गेला. दुकानात दुरुस्तीला आलेले टीव्ही तसेच पडून राहिले आणि काका खुशीत होते. मेमध्ये मी शोधाच्या चौकटीत 'बदकं' टाइप केलं, तर एकच खेळ आला. लेखकाचा रकाना रिकामा. मी बाईंना कळवलं.

उत्तर आलं, 'तो मीच लिहिलाय.'

त्यांचं नाव देसांका तुरुदिच. सोळाव्या वर्षी त्यांनी खेळ रेडिओला पाठवला होता. तो ज्या शनिवारी लागणार होता, त्याच दिवशी गावातली वीज गेली, आणि घरी ठेवलेल्या खेळाच्या कॅसेटवर भावानं गाणी भरली. खेळ कुणी ऐकला तरी का, हे त्यांना कधी कळलंच नाही.

रविवारी त्या बसनं आल्या, घरी भाजलेली, चेरी भरलेली गोड पिटा घेऊन. खेळायला बसल्या आणि तिसऱ्या पुलावर सगळी बदकं बुडाली. पुन्हा खेळल्या. पुन्हा बुडाली.

"डावीकडून घ्या, बाई," मागून काका म्हणाले. "तेव्हा मला चार महिने लागले होते ते शोधायला."

"डावीकडून? तिकडं मी वाट ठेवलीच नव्हती."

"आहे की."

त्यांनी खेळातल्या बाईला डावीकडं वळवलं. सगळी बदकं भिंतीतून आरपार गेली आणि पलीकडं पोचली.

"अगं बाई, चुकलंय माझं इथं," म्हणून त्या हसत सुटल्या. "आणि पूल तर असा बांधलाय मी, की सरळ कुणी जाऊच शकणार नाही."

"चुकलंय ते बरं झालं," काका म्हणाले. "नाहीतर मी अजून तिथंच असतो."

मी लेखकाच्या रकान्यात त्यांचं नाव टाइप करायला लागले, तशी त्यांनी माझा हात धरला.

"तुरुदिच नको. तेव्हा माझं लग्न कुठं झालं होतं? बोगुनोविच लिही."

लिहिलं. मग त्यांनी स्वतःच, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते नाव शोधाच्या चौकटीत टाकलं. खेळ आला. पिटा कापायची सोडून त्यांनी तीनदा शोधून पाहिलं.