पहिलीच्या वर्गातली तुळई

इंजिनियर अकराला येणार होता. मी साडेआठपासूनच शाळेत येऊन बसलो होतो.

शाळा बंद पडून चार वर्षं झाली. तिथे म्हाताऱ्यांना दिवसभर बसायला जागा आणि बायकांसाठी शिवणवर्ग करायचा, असं माझ्या मेहुणीने मनावर घेतलं आणि घरोघर फिरून सह्या जमवल्या. पण इमारत धड आहे असं इंजिनियरने लिहून दिलं तरच. नाहीतर पाडणार.

माझी बायको इथे सव्वीस वर्षं पहिलीला शिकवायची. सहा महिन्यांपूर्वी ती गेली.

मी सुतार, म्हणून छत माझ्याकडे. काल तिच्याच वर्गातल्या तुळईचं भिंतीकडचं टोक टोचून बघितलं, तर पटाशी मुठीपर्यंत आत गेली. वाळवी. मी भुशात सरस कालवून भोक बुजवलं आणि वर रंग फासला. असलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

"दाजी, तोंड शिवून बसा," मेहुणी म्हणाली. "आणि तो घाम पुसा. त्याला वाटेल, इमारत राहू दे, आधी हा माणूसच पडतोय."

इंजिनियरने शिडीवर चढून तुळईवर मधोमध हातोडी मारली. आवाज खणखणीत आला.

"सागवान?"

"हो."

खाली उतरून त्याने पेन काढलं. तुळईखाली मेहुणीने बारा खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. बहीण गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. शिडीवर चढून पटाशी खुपसली. भुसा त्याच्या वहीवर पडला.

"हे बुजवलं कोणी?"

"मीच."

त्याने वहीवरचा भुसा झटकला. "एक महिना देतो. तुळई बदला. नाहीतर पाडायचं लिहीन."

तो गेल्यावर मेहुणी म्हणाली, "महिन्यात होईल?"

"एवढं लांब लाकूड मिळालं तर."

"मग बोललात कशाला? ताईचा वर्ग होता हो हा!"

"वाळवी काही आजची नाही. तुझी ताई याच्याखाली उभी राहून शिकवायची. मी रोज तिला न्यायला दारात यायचो. एकदाही वर बघितलं नाही."

ती एकेक खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊ लागली.

मी तुळई मोजली. पुन्हा मोजली. माप वेगळं आलं. मी तिसऱ्यांदा टेप लावली.