दुपारी जाणारी लाइन

पालीजवळच्या चारा छावणीत दोन दिवस एकच तमाशा चालला होता. सकाळभर नेट झकास चालायचं आणि दुपारी जनावरांची हजेरी सुरू झाली, की मान टाकायचं. हजेरी म्हणजे जनावराच्या कानातला बिल्ला मोबाईलवर टिपून लगेच वर पाठवायचा. आजही ती गेली नाही तर छावणी बंद, असा तहसीलातून निरोप आला होता. छावणी चालवायचे दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव. त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "लाइन ज्यानं बिघडवली, त्याची ढोरं आधी भाईर काढीन."

"काढाच!" भिवराबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. दावणीला तिचे दोन बैल होते. दुष्काळानं तिच्याकडं तेवढेच ठेवले होते.

केबलवाल्या उत्तरेश्वरकडं डब्यासारखं एक यंत्र होतं, ओटीडीआर. ते केबलीत उजेड सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून बिघाड किती लांब आहे ते सांगतं. काल त्यानं सांगितलं, आठशे मीटरवर केबल दुमडलीय. उत्तरेश्वर निवांत चहा पिऊन तिथं पोचला, तर केबल धडधाकट. लोक त्याला आणि यंत्राला मनसोक्त हसले. ते हसणं त्याला फार लागलं.

आज लाइन गेली आणि यंत्रानं पुन्हा तेच आठशे मीटर दाखवले. त्यानं चहाकडं बघितलंही नाही, गाडीला किक मारली.

आठशे मीटरवरच्या लिंबाखाली झोळी होती. तिची एक दोरी फांदीला, दुसरी लोंबणाऱ्या केबलला आवळून बांधलेली. म्हातारी चंद्रभागाबाई नातवाला झोका देत होती.

"मावशी, ही झोळी कवा बांधता?"

"सून छावणीत जाती तवा. बैलांची हजेरी असती न्हवं? ती आली की लेकराला घेती, झोळी सोडती."

"सून कोण तुमची?"

"भिवरा."

उत्तरेश्वरला आधी हसू आलं. मग मोहनरावांचं बोलणं आठवलं. त्यानं दोरी सोडवली. झोपमोड झालेल्या लेकरानं आईसाठी आकांत मांडला, तेव्हा आजी, नातू आणि झोळी गाडीवर घालून तो छावणीत आला.

लाइन आली होती. बिल्ले धडाधड टिपले जात होते.

"कुणाचं काम रं?" मोहनरावांनी विचारलं.

"कुणाचं न्हाई. केबलीवर वजन पडत हुतं."

"कसलं वजन?"

"आसंल सात किलोचं."

मोहनरावांनी म्हातारीच्या हातातल्या झोळीकडं पाहिलं, रडून लाल झालेल्या लेकराकडं पाहिलं. भिवराबाई बैलाच्या आड मान खाली घालून उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"केवढं हाय लेकरू?"

"दीड वर्साचं," ती कशीबशी म्हणाली.

मोहनरावांनी आपलं टेबल थोडं पुढं ओढलं.

"झोळी हितं माझ्या टेबलामागं बांध," ते म्हणाले. "आन् संस्थेतून रोज वाटीभर दूध नेत जा. वजन लई कमी हाय."